चिखलदऱ्याला जाताना गाठोडे कसे बांधाल?



पोळा झाला. निंदण-डवरण आटोपले आणि सोयाबीन अजून कापणीला आलेले नाही. आपल्या वऱ्हाडातल्या शेतकरी घराला दोन दिवस बाहेर पडायला मोकळीक मिळते ती याच सुमारास. नेमक्या याच दिवसांत चिखलदरा धुक्यात बुडालेला असतो.

दोन वर्षांपूर्वी आम्ही घरची सहा माणसे निघालो. लग्नाला अठरा वर्षे झाली होती, पण देवदर्शन आणि लग्नकार्य सोडून मी कधी कुठे मुक्कामाला गेले नव्हते. मुलांचे स्वेटर घेतले, सासूबाईंची शाल घेतली, ह्यांची मफलर घेतली. चार दिवस पुरेल एवढे फराळाचे केले. स्वतःसाठी दोन सुती साड्या पिशवीत कोंबल्या आणि पदर खोचून गाडीत बसले. देवी पॉइंटला पोचलो तो धुके चढले, आडवा पाऊस आला, छत्री उलटी झाली. अंगावरची साडी भिजली. खोलीवर येऊन पाहते तर पिशवी खालून ओली, आतली साडीही ओली. तिथल्या दमट हवेत ती वाळेना. दुसरा दिवस मी खोलीतल्या ब्लँकेटमध्ये काढला. भीमकुंडाचा धबधबा मुलांनी पाहिला आणि मला येऊन सांगितला.

यात चूक हवेची नव्हती. अमरावती समुद्रसपाटीपासून साधारण ३४० मीटरवर आहे, चिखलदरा ११०० मीटरच्या आसपास. हजार मीटर वर चढले की हवा सहा-साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे आपल्या अंगणापेक्षा तिथे चार-पाच अंश कमी धरावेत. वर वारा आणि ओल वेगळी.

आपण कापूस पिकवणारी माणसे, कापसाविरुद्ध बोलणे जिवावर येते. पण भिजलेले सुती कापड अंगाची ऊब ओढून घेते आणि लवकर वाळत नाही. पावसाळ्यात एक तरी नायलॉनची साडी किंवा पंजाबी ड्रेस घ्या. लोकर थोडी ओलसर झाली तरी ऊब देते, म्हणून स्वेटर प्रत्येकाला एक, आणि तो लोकरीचा. कपडे पिशवीत ठेवण्याआधी प्लास्टिकमध्ये गुंडाळा. खताच्या पोत्याच्या आतली प्लास्टिकची पिशवी दोनदा धुऊन वाळवली की कपड्यांना उत्तम चालते. खाण्याच्या पदार्थांना मात्र तिचा स्पर्शही नको. छत्रीपेक्षा टोपीचा रेनकोट बरा. पायांत मागे पट्टा असलेली चप्पल हवी, शेवाळावर साधी चप्पल टिकत नाही.

हिवाळ्यात जायचे तर पावसाचे सामान घरी ठेवा. कानटोपी, पायमोजे आणि एक गोधडी जास्त घ्या. पौषातल्या रात्री तिथे चांगल्याच झोंबतात. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा ४५च्या पुढे गेला की सगळ्यांनाच वर जावेसे वाटते. पण दुपारी ऊन तिथेही लागते, आणि पाण्याची ओढाताण असते. दुपट्टा घ्या, पाण्याची कॅन भरून न्या. रात्रीसाठी एखादी शाल त्या दिवसांतही असू द्या.

अकोल्याकडून येणाऱ्यांनी अकोट, अंजनगाव सुर्जी करत परतवाड्याला यावे. तिथून पुढे घाट लागतो. ज्यांना गाडी लागते त्यांना पोटभर जेवू घालू नका, लिंबू आणि आवळासुपारी हाताशी ठेवा. शिदोरीला दुधात भिजवलेल्या दशम्या आणि जवसाची चटणी पुरे. मी नेला तेवढा फराळ नेऊ नका. वर गवळ्यांकडची रबडी मिळते, तिला पोटात जागा हवी. डबा हातात उघडा धरून फिरू नका, वानरे हिसकावतात. शिल्लक राहिलेले आणि प्लास्टिक परत आणा. हे सारे मेळघाटचे रान आहे, १९७३-७४ पासून व्याघ्रप्रकल्पाचे. अंधार पडल्यावर मुलांना आवाराबाहेर सोडू नये, हे वेगळे सांगायला नकोच.

म्हाताऱ्या माणसांच्या रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या चार दिवस जास्तीच्या घ्या आणि चिठ्ठीसह आपल्या हातातल्या पिशवीत ठेवा. बॅटरी घ्या; वीज जाते, आणि मोबाईलला रेंज मिळेलच असे नाही. म्हणून ढोरांच्या चारापाण्याचे, धारेचे शेजारी आधीच नीट सांगून ठेवा. वरून फोन करून सांगू, असे म्हणू नका.

यंदा आम्ही पुन्हा निघतो आहोत. माझी पिशवी परवाच भरून दाराशी ठेवली, शाल वरच्या वर. बाकीच्यांच्या आज रात्री भरीन.