दोर कोणी विकत घ्यायचा?

महाविद्यालयात प्रवेश घेताना जो अर्ज भरावा लागतो, त्यात 'वडिलांचा व्यवसाय' असा एक रकाना असतो. तीन वर्षांपूर्वी त्या रकान्यात मी 'शेती' असे लिहिले. ते अगदीच खोटे नव्हते. दुसऱ्याची थोडी जमीन आम्ही खंडाने करतो. पण आमचे घर चालते ते माझे वडील माडावर चढतात म्हणून. माझी फी, वह्या-पुस्तके, एस.टी.चा पास, सगळे त्या माडांवरून खाली आलेले आहे. तरी मी 'शेती' लिहिले. गोव्यात या माणसाला निदान 'पाडेली' असे नाव तरी आहे. आमच्या गावात नुसते 'माडार चढणारो' म्हणतात. नाव नसलेला धंदा रकान्यात लिहायचा तरी कसा, अशी मी तेव्हा माझ्या मनाची समजूत घातली होती. ती लबाडी होती, हे आता कळते.

हा धंदा म्हणजे अंगमेहनतीचे काम, त्यात शिकण्यासारखे काय आहे, असे पुष्कळांना वाटते. वाचकहो, संध्याकाळी बाजारातल्या चहाच्या टपरीवर चार गडी एकत्र बसतात, तेव्हा त्यांचे बोलणे एकदा ऐका. दव वाळल्याशिवाय माडाला पाय लावायचा नाही. चढण्याआधी कोयत्याच्या मुठीने बुंध्यावर ठोकून आवाज ऐकायचा. पोकळ वाटला तर मालकाला सरळ नाही म्हणून सांगायचे. खालूनच शेंडा न्याहाळायचा, गांधीलमाश्यांचे पोळे आहे का, विजेची तार किती जवळ आहे ते पाहायचे. पायातला दोरीचा वळा रोज जमिनीवर ताण देऊन तपासायचा आणि तो दुसऱ्याला वापरायला द्यायचा नाही. कोयता कमरेच्या आकडीला मागच्या बाजूस, पुढे कधीच नाही. शेंड्यात शिरताना हात कुठे घालायचा हा सर्वांत नाजूक प्रश्न. हिरव्या चुडताच्या देठाच्या बुडाशी धरायचे. बाबा म्हणतात, "सुक्या चुडताक हात घातलंस की गेलंस." ही सगळी विद्या कुठल्या पुस्तकात नाही. जो चुकून वाचला त्याने दुसऱ्याला सांगितली, अशी ती चालत आली आहे.

शिवाय शेंड्यावर गेलेला माणूस नुसते नारळ पाडून खाली येत नाही. माडाला साधारण महिन्याला एक नवे पान येते आणि प्रत्येक पानाच्या बगलेत एक पोय. म्हणजे एकाच शेंड्यात वेगवेगळ्या वयाचे घड असतात. फळ पिकायला अकरा-बारा महिने लागतात. त्यातला नेमका तयार घड ओळखून कापायचा, कोवळ्याला धक्का लावायचा नाही. त्याच वेळी गेंड्या भुंग्याने शेंडा पोखरला आहे का, सोंड्या भुंगा शिरल्याची काही खूण आहे का, हेही बघायचे. माडाला शेंडा एकच. तो मेला की माड मेला. वर्षातून अनेकदा त्या शेंड्याची नाडी पाहणारा हा एकमेव माणूस आहे. माणसांच्या डॉक्टरला आपण खुर्ची देतो, याला अंगणाच्या कडेला उभे करतो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. "हे लोक पट्टा का बांधत नाहीत? निष्काळजीपणा, दुसरे काय!" हे वाक्य मी सुशिक्षित माणसांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले आहे की, त्याचे उत्तर देण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

इंग्लंड-अमेरिकेत झाडावर चढून फांद्या छाटणाऱ्यांचा स्वतंत्र, शिकून करायचा व्यवसाय आहे. तिथला नियम असा की, जमीन सोडल्यापासून परत जमिनीला पाय लागेपर्यंत माणूस दोराला बांधलेला असला पाहिजे. वर करवत चालवताना दोन ठिकाणी बांधलेला. खाली दुसरा माणूस हवाच, आणि तोही वेळ पडल्यास वर चढून पहिल्याला उतरवू शकेल असा. कारण पट्ट्यात लोंबकळत राहिलेला बेशुद्ध माणूस लवकर खाली आला नाही, तर तो पट्टाच त्याच्या जिवावर उठू शकतो. त्यांच्या झाडांना फांद्या असतात, डोक्यावरच्या बेचक्यातून दोर टाकता येतो. माडाला फांदी नाही. साठ-सत्तर फूट सरळ खांब, वर चुडतांची छत्री. इथे पट्टा बुंध्याभोवतीच घ्यावा लागतो, प्रत्येक टप्प्याला वर सरकवावा लागतो. आणि शेंड्याशी पोचल्यावर दुसरा दोर अडकवल्याशिवाय पहिला सोडायचा नाही. हे अशक्य मुळीच नाही. केरळातील कण्णूर जिल्ह्यातले शेतकरी एम. जे. जोसेफ यांनी माड चढण्याचे यंत्र केले, त्यात तारेचे दोन फास बुंध्याला आवळतात आणि माणूस पावले टाकावीत तसा वर जातो. नारळ विकास मंडळाने २०११ साली 'नारळ वृक्षाचे मित्र' हा प्रशिक्षणाचा उपक्रम सुरू केला. त्यात हे यंत्र दिले, विमा दिला, केरळात स्त्रियाही ते शिकल्या. मला याचे फार कौतुक वाटते.

बाबांनी एकदा असे यंत्र वापरून पाहिले. नाके मुरडतील असे मला वाटले होते, पण त्यांना ते आवडले. मग म्हणाले, "बरा आसा. पण दिवसाक माड किती होतले?" वाकड्या माडाला ते बसवायला वेळ लागतो, प्रत्येक बुंध्याला ते घालायचे आणि काढायचे. एरवी ते दिवसाला चाळीस माड करतात. यंत्राने किंवा पट्ट्याने तीसच्या पुढे जाणे कठीण. मजुरी माडामागे मिळते. म्हणजे सुरक्षिततेची किंमत रोज दहा माड, आणि ती भरायची चढणाऱ्याने! हा निष्काळजीपणा नव्हे, हा हिशेब आहे. तो हिशेब आपण, म्हणजे खाली उभे राहून नारळ मोजणाऱ्यांनी, ठरवलेला आहे.

मी आठवीत असताना बाबा पडले. नशिबाने माड लहान होता. तीन महिने अंथरुणात. मालक भला माणूस, त्याने थोडे पैसे आणि तांदळाची एक गोणी पाठवली. त्याने द्यायलाच हवे असे काही ठरलेले नव्हते, आणि आम्ही मागायलाही गेलो नाही. शेतकऱ्यांसाठी राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना आहे. उंचावरून पडणे तीत बसते, मृत्यू आल्यास २ लाख रुपये मिळतात. पण ती सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या कुटुंबातल्या एका माणसासाठी. म्हणजे मालक स्वतःच्या माडावरून पडला तर त्याला शासन आहे. सातबारा नसलेला गडी त्याच माडावरून पडला तर त्या योजनेत त्याला जागा नाही. माड तोच, उंची तीच. अर्थशास्त्राच्या तासाला असंघटित कामगारांवर टिपणे घेताना मला हा माड दिसत असतो.

"हल्ली गडी मिळत नाहीत," अशी सर्वत्र तक्रार आहे. मिळणार कुठून? मी बी.ए. करतो आहे. माझा चुलतभाऊ गोव्यात हॉटेलात लागला. ज्या धंद्यात नाव नाही, पडल्यावर हक्काचा पैसा नाही आणि मुलगा अर्जात तो लपवतो, त्या धंद्यात कोण येईल?

माझे म्हणणे थोडक्यात एवढेच की, दोर ज्याचा माड त्याने घ्यावा, आणि दोराला लागणाऱ्या वेळेची मजुरीही त्यानेच द्यावी. माडामागे नव्हे, दिवसावर. नारळ चार पैसे महाग पडतील, पडू द्यावेत.

आणि याची सुरुवात आपल्याच आवारातून करता येईल. ग्रंथालयाच्या मागे आपल्या महाविद्यालयाचे अकरा माड आहेत. गेल्या वर्षी ते पाडायला बाबाच आले होते. मी तेव्हा वर्गात होतो, खिडकीतून पाहत होतो. शेजारचा मित्र म्हणाला, "काय सरसर चढतो रे हा!" मी हो म्हणालो. 'हा' माझा बाप आहे असे म्हणालो नाही, आणि सुट्टीतही खाली गेलो नाही.

प्राचार्यांना माझी विनंती आहे की, एक चांगला पट्टा आणि दोन दोर महाविद्यालयाने विकत घेऊन माळीमामांच्या खोलीत ठेवावेत. ते घातल्याशिवाय कोणाला चढू देऊ नये आणि अकरा माडांना पूर्ण दिवसाची मजुरी द्यावी. त्या दिवशी खाली उभा राहायला माणूस लागेल. तिथे मी उभा राहीन.