तो-ती-ते वाल्यांना डेर-डी-डासची भीती कशाला?

हॉस्टेलमध्ये जर्मन शिकणाऱ्या कुणालाही विचारा, 'काय अडतंय?' उत्तर ठरलेलं, 'आर्टिकल्स!' उच्चार जमतात. आकडे जमतात (एकवीसमध्ये आधी एक आणि मग वीस हे आपल्याला नवीन नाहीच). पण टेबल 'डेर', दार 'डी' आणि खिडकी 'डास' का, इथे गाडी पंक्चर होते. मग सुरू... 'या भाषेला लॉजिकच नाही यार!'

माझं म्हणणं एवढंच, की ही तक्रार मराठी माणसाने करू नये. ती इंग्रजी बोलणाऱ्याची तक्रार आहे. मार्क ट्वेनने १८८० साली जर्मनवर वैतागून एक अख्खा निबंध लिहिला. जर्मनमध्ये मुलगी नपुंसकलिंगी आणि सलगम मात्र स्त्रीलिंगी, याची त्याने भरपूर टिंगल केली. त्याचं बरोबर होतं, कारण त्याच्या भाषेत सगळ्यांना एकच 'द'. पण आपलं काय? मेसच्या ताटाकडे बघा. भात तो, भाजी ती, वरण ते. वरणात नपुंसक काय आहे हे आजवर कुणी विचारलंय का? मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात नामांपुढे लिंग छापलेलं असतं, कारण मराठी शिकणाऱ्या साहेबाला ते घोकावं लागायचं. आपल्याला घोकावं लागलं नाही. आई 'गरम वरण' म्हणाली, 'गरम झालं' म्हणाली, आणि ते कानात बसलं.

मग घोडं अडतं कुठे? माझ्या मते वहीत. क्लास इंग्रजीतून, पुस्तक इंग्रजीतून, वहीत लिहिलेलं 'टिश = टेबल'. आर्टिकल कुठे गेलं? इंग्रजीत ते लागत नाही म्हणून गळलं. नंतर परीक्षेच्या आदल्या रात्री तीनशे शब्दांची तीनशे आर्टिकल्स वेगळी पाठ करायची, म्हणजे सबमिशनच्या आदल्या रात्री सगळी जर्नल्स लिहिण्यासारखंच. यात सगळ्यात वाईट वाटतं ते मराठी मीडियममधून आलेल्यांचं. इंग्रजीतलं एक्स्प्लनेशन नीट कळत नाही म्हणून ही मुलं मागच्या बाकावर गप्प बसतात. खरं तर या विषयात सगळ्यात पुढे तीच असायला हवीत.

कसं ते बघा. दिवस तो, भिंत ती, घर ते. जर्मनमध्येही योगायोगाने डेर टाग, डी वांड, डास हाउस. आता 'मोठा' लावा. मोठा दिवस, मोठी भिंत, मोठं घर. जर्मन म्हणतो आइन ग्रोसर टाग, आइने ग्रोसे वांड, आइन ग्रोसेस हाउस. इंग्रजीत तिन्हीकडे 'बिग'. पुढे विभक्ती लावा. दिवसाला, घराला, पण भिंतीला. पुल्लिंग आणि नपुंसकलिंग एका बाजूला, स्त्रीलिंग वेगळं. जर्मनच्या डेटिव्हमध्ये डेम टाग, डेम हाउस, पण डेर वांड. तीच वाटणी! दहावीला 'स्कोअरिंग' म्हणून संस्कृत घेतलेल्यांनी तर याला घाबरणं म्हणजे कमालच.

आता कुणी म्हणेल, मग सरळ मराठीचं लिंग उचलून जर्मनला लावू. तसं करू नका, तोंडावर पडाल. खुर्ची ती, पण डेर श्टूल. खिडकी ती, पण डास फेन्स्टर. सूर्य-चंद्र आपल्याकडे दोघंही 'तो', तिकडे सूर्य 'डी झोने' आणि चंद्र 'डेर मोंड'. मराठीतून उत्तर मिळत नाही, सवय मिळते. वस्तूला लिंग असतं आणि त्याप्रमाणे आजूबाजूचे शब्द बदलतात, ही सवय. मार्क ट्वेनला तीच नव्हती.

शिवाय 'लॉजिक नाही' हेही अर्धवट खरं. मुलगी 'डास मेडशेन' का? शेवटी 'शेन' हा लहानपण दाखवणारा प्रत्यय आहे, आणि तो लागला की शब्द नपुंसकलिंगी. आपलं वासरू, कोकरू, लेकरू, पाखरू आठवा. सगळी 'ते'! क्रियापदाचं नाम केलं की 'डास', जसं डास श्वाइसेन, म्हणजे वेल्डिंग करणं. आपलंही बोलणं, वागणं, जेवणं 'ते'च. 'हाइट', 'काइट', 'उंग' यांनी शेवट झाला की 'डी'. क्षमता, गुणवत्ता या आपल्या 'ता'वाल्या शब्दांसारखंच. इंजिनीअरला तर यातले शब्द रोज लागतात. व्होल्टेज डी श्पानुंग, पॉवर डी लाइस्टुंग, वेग डी गेश्विन्डिशकाइट. जोडशब्द कितीही लांबलचक असू दे, आर्टिकल शेवटच्या डब्याचं. राड (चाक) डास, म्हणून त्सानराड (गिअरचं दातेरी चाक) पण डास.

'आर्टिकल चुकलं तरी समजतं की!' हे वाक्य मी बऱ्याच सीनियर्सकडून ऐकलंय. दुकानात पाव घेताना समजत असेल. पण 'डेर लाइटर' म्हणजे विद्युतवाहक आणि 'डी लाइटर' म्हणजे शिडी. 'डास श्टॉयर' म्हणजे स्टिअरिंग आणि 'डी श्टॉयर' म्हणजे टॅक्स. आपल्याकडे नाही का, वेळ जातो तेव्हा तो आणि वेळ येते तेव्हा ती? आणि खरी गोम पुढेच आहे. 'डेन मान बाइस्ट डेर हुंड' म्हणजे माणसाला कुत्रा चावतो. 'डेर मान बाइस्ट डेन हुंड' म्हणजे माणूस कुत्र्याला चावतो. कोण कुणाला चावलं हे इथे आर्टिकल सांगतं, जे काम आपला 'ला' करतो. मराठीत कुणी 'ला' चुकीच्या माणसाला लावला तर आपण 'चालतंय' म्हणू का?

म्हणून वहीत एकटं नाम लिहूच नका. 'डेर टिश' असं लिहा, आणि पुढे विशेषण लावून दोनदा मोठ्याने म्हणा. रूममेट हसेल, हसू दे. जर्मन शिकवणाऱ्या सरांना आणि मॅडमना एक विनंती आहे. पहिल्याच तासाला फळ्यावर 'द'च्या शेजारी तो-ती-ते लिहा. मागचा बाक आपोआप बोलू लागेल.

आणि वर्कशॉपच्या सरांनी परवानगी दिली, तर हत्यारांवर जर्मन नावांच्या चिठ्ठ्या लावायला आम्ही चार-पाच जण तयार आहोत. हातोडा तो, डेर हामर. कानस ती, डी फाइले. ऐरण मात्र ती असूनही डेर आम्बोस. बोल्टच्या नटला डी मुटर म्हणतात, म्हणजे चक्क 'आई'! फक्त अनेकवचन वेगळं. आया असतील तर 'म्युटर', नट असतील तर 'मुटर्न'. चिठ्ठ्यांचा कागद आणि डिंक आमचा.