दप्तर तोलून झालं, आता पाठ बघा

वरकुटे खुर्द असो की बुद्रुक, इंदापूर तालुक्यातल्या कुठल्याही पालकसभेत मुलांच्या पाठीचा विषय काढा. सगळे एकाच आरोपीकडे बोट दाखवतील: दप्तर. शासनही याच मताचं आहे. जुलै २०१५च्या शासन निर्णयाने दप्तराला मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातली. पुढच्याच वर्षी चंद्रपूरच्या सातवीतल्या दोन मुलांनी चक्क पत्रकार परिषद घेऊन पाठीवरचं ओझं जगजाहीर केलं. २०२३मध्ये बालभारतीची पुस्तकं चार भागांत आली, आत वहीची कोरी पानं घालून. मुलं वेगळ्या वह्या आणतच राहिली आणि जानेवारी २०२५मध्ये शासनाने तो प्रयोग गुंडाळला.

दप्तर हलकं व्हायलाच हवं. ओझ्याने दमलेलं पोर वर्गात पेंगतं, एवढं कारण त्याला पुरेसं आहे. पण दप्तराने कणा कायमचा वाकतो, असं कोणी छातीठोकपणे सांगू लागलं तर पुरावा मागावा. २०१८मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’ने ६९ अभ्यासांचा आढावा छापला. दप्तरामुळे मुलांच्या पाठदुखीचा धोका वाढतो, असा खात्रीचा पुरावा त्यात सापडला नाही. दप्तर काट्यावर ठेवता येतं, म्हणून आपण तेच तोलत बसलो.

मग ‘ताठ बस’चा धोशा. तासन्‌तास ताठ बसलेली पाठही आखडतेच. अमुक एकच बैठक बरोबर, असं काही नसतं. बैठक बदलत राहणं महत्त्वाचं. सतरंजीवर बसून जमिनीवरच्या वहीत लिहिणारं पोर वाकणारच. त्याला दटावण्यापेक्षा पुढ्यात बैठं डेस्क द्या. आठवीच्या वर्गात कुणी इतरांहून हातभर उंच तर कुणी अजून चिमुकलं, आणि बाक मात्र सगळ्यांना एकाच मापाचे. यात मुलांचा काय दोष?

मुलींचं तर आणखी वेगळं. अंगाने भरू लागलेली मुलगी खांदे पुढे ओढून, पोक काढून चालते. ‘ताठ चाल’ आणि ‘ओढणी नीट घे’ हे दोन्ही हुकूम तिला एकाच तोंडून, एकाच दमात मिळतात. दुसरा हुकूम मागे घेतल्याशिवाय पहिला पाळला जाणार नाही.

‘आमची पोरं कष्टाची, त्यांच्या पाठीला काय धाड भरलीय?’ हा युक्तिवाद आता जुना झाला. सकाळी शाळा, संध्याकाळी क्लास, रात्री मोबाइल. आजोबांनी उसाच्या मोळ्या वाहिल्या त्याचं पुण्य नातवाच्या पाठीला कसं लागणार? पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी तासभर मध्यम ते दमदार हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो तास मिळायचा कुठे, तर पीटीत. आणि दहावीचं वर्ष आलं की पीटीचा तास गणिताच्या सरांच्या पदरात पडतो. मला विचाराल तर वजनकाट्याआधी मुख्याध्यापकांनी हे वेळापत्रक तपासावं.

कण्याचा एक बाक मात्र खरोखर धोक्याचा, आणि त्याचा दप्तराशी संबंध नाही. वाढीच्या वयात कणा बाजूला वळतो, त्याला स्कोलिओसिस म्हणतात. शंभरात दोन-तीन मुलांत तो आढळतो, बहुतेकदा कारण सापडत नाही, आणि वाढत जाणारा बाक मुलींत जास्त. तो सहसा दुखत नाही, म्हणून कळतही नाही. शाळांत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे तीस व्याधींची मूळ यादी असते. तिच्यात हा बाक नाही. सरसकट तपासणीने विनाकारण एक्स-रे वाढतील, असा आक्षेप आहे, आणि २०१८मध्ये अमेरिकेच्या तज्ज्ञगटानेही तिच्या बाजूने वा विरोधात पुरेसा पुरावा नसल्याचं म्हटलं. ठीक. पण दहा ते चौदा वयाच्या लेकीला पाय जुळवून, हात खाली सोडून पुढे वाकायला सांगायचं आणि मागून पाहायचं, याला आईला कोणाचं परिपत्रक लागत नाही. पाठीची एक बाजू उंच दिसली, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचं. २०१३च्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत ब्रेस, म्हणजे कण्याला आधार देणारा साचा, वापरलेल्या ७२ टक्के मुलांचा बाक शस्त्रक्रियेच्या टप्प्यापर्यंत गेला नाही; नुसतं लक्ष ठेवलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होतं. हा ब्रेस वाढ चालू असेपर्यंतच उपयोगी पडतो.