पदवी दुर्गची, प्रश्न प्रयोगशाळेचा

बारावीचा निकाल लागला की भिलाईच्या पोलाद कारखान्यात हयात घालवलेल्या घरांतून, मराठी घरांतूनही, एक प्रश्न हमखास ऐकू येतो : आयआयटी हुकली, एनआयटी हुकली, आता दुर्गच्या विद्यापीठाची बीएस्सी करून उपयोग काय? या प्रश्नाची दोन ठरावीक उत्तरे आहेत आणि दोन्ही आळशी आहेत.

पहिले उत्तर तुच्छतेचे. ज्याचे नाव कोणी ऐकले नाही ते विद्यापीठ बोगस! या संशयाला छत्तीसगडमध्ये इतिहास आहे, हे मान्य केलेच पाहिजे. २००२ च्या खासगी विद्यापीठ कायद्याखाली या नवजात राज्यात शंभराहून अधिक विद्यापीठे निव्वळ अधिसूचनेच्या बळावर उभी राहिली; 'उभी' हा शब्दही सौजन्याचाच, कारण कित्येकांना स्वतःची इमारत नव्हती. विश्वकिरणांचे संशोधक आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष प्रा. यशपाल सर्वोच्च न्यायालयात गेले. ११ फेब्रुवारी २००५ रोजी न्यायालयाने कायद्यातील कळीची कलमे घटनाबाह्य ठरवली आणि ती सारी विद्यापीठे एका निकालासरशी संपली. विद्यार्थी रस्त्यावर येऊ नयेत म्हणून त्या संस्था राज्यातील जुन्या विद्यापीठांना जोडून घेण्याची वाट तेवढी मोकळी ठेवली गेली.

परंतु त्या निकालाचा धाक दाखवून आजच्या प्रत्येक अपरिचित विद्यापीठाला झोडपणे हा अडाणीपणा आहे. दुर्गचे हेमचंद यादव विद्यापीठ २०१५ पासूनचे, राज्याच्या कायद्याने स्थापलेले. नावात तामस्कर हे मराठी आडनाव वागवणारे दुर्गचे शासकीय विज्ञान महाविद्यालय तर १९५८ चे, म्हणजे भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीहूनही वर्षभराने वडील. येथील बीएस्सीधारक 'जॅम' परीक्षेला दिल्लीच्या बीएस्सीधारकाइतक्याच हक्काने बसतो, आणि ती परीक्षा शेजारच्या कुटेलाभाठ्यातील आयआयटीच्या एमएस्सीचे दार आहे. एकदा बंद झालेले दार तीन वर्षांनी पुन्हा ठोठावता येते, हे बारावीच्या मुलाला कोणी सांगतच नाही.

दुसरे उत्तर भाबडे : पदवी ती पदवीच, के. शिवन नाही का नागरकोइलच्या साध्या कॉलेजात गणित शिकले आणि इस्रोचे अध्यक्ष झाले? झाले खरे. मध्ये मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था होती, एवढे मात्र सांगणारा सोयीस्करपणे विसरतो. एका शिवन यांच्या आड हजारो रिकाम्या प्रयोगशाळा लपवता येत नाहीत.

कारण खरी फसवणूक तेथेच होते. कायदेशीर पदवी, मान्यताप्राप्त विद्यापीठ, आणि प्रयोगवही मागल्या वर्षीच्या विद्यार्थ्याची उतरवलेली. आधी उत्तर लिहायचे, मग त्याला जुळतील अशी निरीक्षणे रचायची! स्पेक्ट्रोमीटर कपाटात, कपाटाची किल्ली रजेवर गेलेल्या कर्मचाऱ्याकडे. शिकवणारा अतिथी व्याख्याता तासांच्या हिशेबाने पगार घेतो आणि पुढल्या सत्रात आपण असू की नसू, हे त्यालाच ठाऊक नसते. त्याने कोणाला संशोधनाची गोडी लावावी? हा दोष विद्यार्थ्याच्या निवडीचा नव्हे. कायम पदे रिकामी ठेवून नव्या विद्यापीठांच्या पाट्या रंगवणाऱ्या सरकारांचा आहे, आणि त्यात कोणताही पक्ष सोवळा नाही. मानांकनाची अक्षरे मिरवणाऱ्या खासगी संस्थांनीही फार हसू नये. त्यांच्या माहितीपत्रकात सूक्ष्मदर्शकाशेजारी हसणारी मुले असतात, पण त्या सूक्ष्मदर्शकाखाली आठवड्यातून किती तास काय पाहिले जाते, याचा उल्लेख कोठेच नसतो.

म्हणून प्रवेशाआधी माहितीपत्रक बाजूला ठेवून दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला गाठावे. गेल्या आठवड्यात कोणता प्रयोग केलास? तो चुकला तेव्हा सरांनी पुन्हा करायला लावला का? त्याला उत्तर देता आले, तर विद्यापीठाचे नाव मुंबई-पुण्यात कोणी ऐकलेले नसले तरी प्रवेश घ्यावा. वर्षभराची प्रात्यक्षिके परीक्षेआधीच्या आठवड्यात उरकली जातात असे तो म्हणाला, तर दुर्ग स्थानकावरून नागपूरची गाडी धरावी. तेथील शासकीय विज्ञान संस्थेतही हेच दोन प्रश्न विचारावेत.