स्वसंवेदन आणि समीक्षेची पळवाट

संतकाव्याच्या मराठी समीक्षेत ‘आत्मभान’, ‘अनुभूती’ आणि ‘साक्षात्कार’ हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. या सैलपणामागील युक्तिवाद असा: मन स्वतःला स्वतःच जाणते, या जाणिवेला अन्य प्रमाणाची अपेक्षा नसते, कवीचे वचन हा तिचाच उद्गार असतो, सबब त्याची चिकित्सा अप्रस्तुत होय. भारतीय दर्शनांचा या भूमिकेला एकमुखी पाठिंबा असल्याचेही गृहीत धरले जाते. हे गृहीत तपासावयास हवे.

एकमत तर नाहीच. न्यायमतानुसार घटाच्या ज्ञानाचे ज्ञान नंतरच्या अनुव्यवसायात होते. भाट्ट मीमांसक विषयाच्या ज्ञाततेवरून ज्ञानाचे अनुमान करतात. दिङ्नागाने ‘प्रमाणसमुच्चया’त स्वसंवेदनाचा पक्ष मांडला तो स्मृतीच्या आधारावर. निळा रंग आठवतो तेव्हा तो पाहिल्याचेही आठवते, आणि ज्याचा अनुभव आला नाही त्याचे स्मरण संभवत नाही. पहिले ज्ञान दुसऱ्याने जाणले म्हणावे, तर दुसऱ्यासाठी तिसरे मानावे लागून अनवस्था ओढवते. या मताला कडवा विरोध झाला तो बौद्ध परंपरेतूनच. चंद्रकीर्तीने स्वसंवेदन नाकारले. शांतिदेवाने ‘बोधिचर्यावतारा’च्या नवव्या परिच्छेदात तलवारीच्या धारेचा दृष्टान्त घेतला: धार स्वतःला कापत नाही, तसे चित्त स्वतःला पाहत नाही. स्मृतीची उपपत्ती त्याने विषयाशी असलेल्या संबंधातून लावली. याच ग्रंथाचा आठवा परिच्छेद ध्यानावर आहे. तेव्हा ‘साधकांना हे स्वानुभवाने ठाऊकच असते’ असे म्हणून वाद मिटविता येत नाही.

वादापुरता दिङ्नागाचा पक्ष स्वीकारला तरी समीक्षकाच्या हाती काय लागते? दिङ्नाग-धर्मकीर्तींच्या मते प्रत्यक्ष कल्पनारहित असते, आणि शब्दयोजना हा तर कल्पनेचा प्रांत. कल्पनासुद्धा स्वसंवेदनाच्या अंगाने प्रत्यक्ष ठरते, विषयाच्या अंगाने नाही, ही दिङ्नागाची सूक्ष्म मर्यादा येथे निर्णायक आहे. नेत्रविकार झालेल्यास दोन चंद्र दिसतात. त्याला तसे दिसले, एवढेच स्वसंवेदनाने निश्चित होते. चंद्राच्या संख्येविषयी त्यातून काहीही सिद्ध होत नाही. त्याचप्रमाणे ‘परतत्त्व भेटले’ हे वाक्य उच्चारताक्षणी भाषा, संप्रदाय, छंद आणि संकेत यांच्या क्षेत्रात प्रवेश होतो. स्वसंवेदन कोणत्याही वाक्याला प्रमाणपत्र देत नाही.

वेदान्तातील स्वयंप्रकाशत्वाचा आश्रय घ्यावा, तर तेही सोयीचे नाही. तेथे स्वयंप्रकाश आहे ते साक्षिचैतन्य. मन हे दृश्याच्या कोटीत मोडते. ‘मन स्वतःला जाणते’ हे अद्वैताचे म्हणणेच नव्हे. पासष्ट ओव्यांच्या ‘चांगदेवपासष्टी’त ज्ञानेश्वर द्रष्टा, दृश्य आणि दर्शन ही त्रिपुटी मोडतात, स्वतःला विषय करून पाहणाऱ्या मनाचा वृत्तान्त तेथे सापडत नाही. ‘अमृतानुभवा’त तर शब्दखंडनासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. शब्दाचा अधिकार स्वतःच खोडून काढणाऱ्या कवीला, त्याचे शब्द अनुभवाची अधिकृत नोंद म्हणून वापरण्यासाठी साक्षीला बोलावणे हा विपर्यास आहे.

साहित्यशास्त्राचा निवाडाही याच दिशेने जातो. रसप्रतीतीच्या सात विघ्नांत अभिनवगुप्ताने स्वतःच्या सुखदुःखात गुंतून पडण्याची गणना केली आहे. रसास्वादात संवेदनाला महत्त्व देणाऱ्या या आचार्यानेही साधारणीकरणाची अट सोडलेली नाही. खाजगी जाणीव काव्यात जशीच्या तशी चालत नाही, हे त्यामागील तत्त्व होय.

हा प्रश्न केवळ पारिभाषिक काटेकोरपणाचा नाही. अनुभवाला चिकित्सेपलीकडे नेऊन ठेवणारी हीच वृत्ती दलित स्वकथनांना ‘अस्सल’ आणि ‘दाहक’ म्हणून गौरविते व त्यांची रचना, निवेदन, विचार वाचण्याचे टाळते. संताला सिद्ध आणि दलित लेखकाला साक्षीदार ठरविले की दोघांतील लेखक नाहीसा होतो. बौद्ध तार्किकांनी सहकारी साधकांशी शतकानुशतके वाद घातला, कारण अनुभवाचा आदर आणि त्याच्या दाव्याची परीक्षा यांत त्यांना विरोध दिसला नाही. मराठी समीक्षेने त्यांच्याकडून संज्ञा उचलली. त्यांचा वाद मात्र मागे ठेवला.