नताली येण्याआधीचे तीन अल्बम

डिक्सी चिक्स हे नाव मी पहिल्यांदा २००३ साली ऐकले. इराकवर हल्ला होणार हे दिसत होते. तेव्हा लंडनच्या एका कार्यक्रमात त्यांची गायिका नताली मेन्स म्हणाली, राष्ट्राध्यक्ष आमच्या टेक्सासचे आहेत याची आम्हाला लाज वाटते. मग त्यांच्याच देशात रेडिओने त्यांची गाणी बंद केली, लोकांनी सीडी चिरडल्या. मी तेव्हा बीएडला होते. एकही गाणे ऐकले नव्हते, तरी या तिघी मला आपल्या वाटल्या.

गाणी ऐकली ती बऱ्याच वर्षांनी. सगळे सांगतात तशी १९९८ च्या ‘वाइड ओपन स्पेसेस’पासून सुरुवात केली. एकट्या अमेरिकेत त्याच्या एक कोटीहून जास्त प्रती गेल्या. मग कळले की हा पहिला नाही, चौथा अल्बम आहे.

गट निघाला १९८९ मध्ये, डॅलस शहरात, आणि त्या तिघी नव्हे, चौघी होत्या. मार्टी आणि एमिली अर्विन या बहिणी, लॉरा लिंच आणि रॉबिन लिन मेसी. मेसी गणित शिकवायची (मला ती लगेच आवडली, कारण उघड आहे). एमिली तर शाळकरी वयाची. काउगर्लचे कपडे घालून रस्त्याच्या कोपऱ्यावर उभ्या राहून वाजवायच्या. १९९० च्या पहिल्या अल्बमला त्यांनी पडद्यावरची काउगर्ल डेल इव्हान्स हिचे नाव दिले. त्यात फिडल आहे, बँजो आहे आणि एकमेकींना सांभाळून घेणारे आवाज आहेत. तो मला नंतरच्या चकचकीत अल्बमांहून जवळचा वाटतो.

पुढचे दोन तितके चांगले नाहीत, हे कबूल. १९९२ चा ‘लिट्ल ओल काउगर्ल’ दोन दगडांवर पाय ठेवतो. मेसीला जुन्या वळणाचे ब्लूग्रासच हवे होते, त्यानंतर ती बाहेर पडली. १९९३ च्या तिसऱ्यात मुख्य आवाज लॉराचा. ब्लूग्रास सुटले, रेडिओही हाती आला नाही. १९९५ मध्ये लॉराच्या जागी नताली आली. तिचे वडील लॉइड मेन्स आधीपासून या गटासाठी स्टील गिटार वाजवत होते.

नतालीचा आवाज लॉराहून दमदार आहे, यात वाद नाही. माझी तक्रार वेगळीच आहे. गटाची गोष्ट १९९८ पासून सांगितली जाते आणि त्याआधीची सहा वर्षे गाणाऱ्या बाईला एक ओळही मिळत नाही, हा कुठला इन्साफ? २०२० मध्ये गटाने गुलामगिरीच्या काळाची आठवण नको म्हणून नावातला ‘डिक्सी’ शब्द काढला. योग्यच केले. लॉरा डिसेंबर २०२३ मध्ये टेक्सासमध्येच मोटार अपघातात गेली.

हे मी कोणत्या तोंडाने लिहितेय? काही वर्षांपूर्वी समूहगीत स्पर्धेच्या आठ दिवस आधी मीच एक मुलगी बदलली. बाकीच्यांना चाल तिनेच शिकवली होती. नव्या मुलीचा आवाज खरोखर चांगला होता, आम्हाला ढाल मिळाली. फोटो स्टाफरूममध्ये लावला आहे. त्या पहिल्या मुलीची धाकटी बहीण यंदा माझ्या वर्गात आहे. गाण्यासाठी नावे मागितली, तेव्हा तिने हात वर केला नाही.