तेरा नंबरचं चॅनेल आणि पत्र्याची टपरी

गेल्या जुलैतली गोष्ट. बाबा आणि काका महाडहून पुण्याला येत होते, वरंध घाटातून. भर पावसात गाडीचा बेल्ट तुटला. बाबांचा फोन आला, "एका टपरीत थांबलोय, मेकॅनिक पाठव." मी म्हटलं, लोकेशन पाठवा. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली... लोकेशन काही येईना. शेवटी बाबांनी छत्री घेऊन बाहेर जाऊन किलोमीटरचा दगड वाचून दाखवला आणि भोरचा मेकॅनिक बरोबर तिथे पोचला. तोवर अंधार पडला होता. काकांना बीपीचा त्रास आहे. घरी आईची काय अवस्था झाली असेल ते सांगायला नको.

आता कबुली. तो लिनक्सवाला फोन बाबांच्या हातात मीच दिला होता. माझा जुना. "बघा बाबा, ह्यात कोणी तुमच्यावर पाळत ठेवत नाही" वगैरे भाषण ठोकून!

मग पुढचा अख्खा शनिवार तो फोन घेऊन बसलो. बाबा शेजारी. वीज मंडळातून रिटायर झालेला माणूस, त्यांचा एकच मंत्र: आधी सप्लाय आहे का बघ. हसू नका, हे फार खरं आहे. वायरलेसचं काहीही बिघडलं की लोक पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकत बसतात. त्याआधी तीन गोष्टी बघायच्या. आरएफकिलमध्ये रेडिओ बंद तर केलेला नाही ना? डीमेसेजमध्ये फर्मवेअर लोड झाल्याचं दिसतंय का? आणि घड्याळ बरोबर आहे का? बॅटरी पार संपून फोन १९७० साली जाऊन पोचला असेल, तर वाय-फाय जोडलं गेलं तरी वेबसाइटची सर्टिफिकेटं खोटी ठरतात आणि आपल्याला वाटतं नेटच नाही.

आमच्याकडे तिन्ही ठीक होतं. पण घरचा राउटर यादीत दिसतच नव्हता. लॅपटॉपला दिसतो, आईच्या फोनला दिसतो, ह्यालाच नाही. बाबा शांतपणे म्हणाले, "कधीकधी दिसतो. मागच्या मंगळवारी दिसला होता." म्हणजे हे दोन आठवडे चाललं होतं आणि मला वाईट वाटेल म्हणून ते बोलले नव्हते!

कधीकधी दिसतो म्हटल्यावर ट्यूब पेटली. राउटर चॅनेल आपोआप निवडत होता. गर्दी टाळायला तो अधूनमधून तेरावर जायचा. भारतात १ ते १३ चॅनेलं चालतात, अमेरिकेत साधारण ११ पर्यंतच वापरतात. आणि फोनमध्ये देशाचा कोड होता यूएस. मीच कधीतरी ठेवलेला. म्हणजे फोन बिचारा अमेरिकेचा कायदा पाळत पुण्यात बसला होता. आयडब्ल्यूच्या एका कमांडने देश बदलला आणि राउटर हजर.

आणि इथेच घाटातल्या प्रकरणाचं मूळ निघालं. जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किमी उंचीवर. सिग्नल इतका क्षीण की आपल्याच फोनमधल्या गोंगाटात हरवतो. त्यावरून येणारी माहिती सेकंदाला ५० बिट्सने येते (हो, बिट्स!), आणि एका उपग्रहाची नेमकी कक्षा कळायला अर्धा मिनिट अखंड ऐकावं लागतं. मधे तुटलं की पुन्हा वाट बघा. असे किमान चार उपग्रह हवेत. म्हणून फोन ही माहिती आधीच नेटवरून उतरवून ठेवतात. आमच्या फोनच्या लॉगमध्ये ती उतरवायचे प्रयत्न रोज रात्री फसल्याची रांग लागली होती. घरी वाय-फाय नाही, मोबाइल डेटा बाबांनी काटकसरीने बंद ठेवलेला. त्यात एका बाजूला डोंगराची भिंत आणि डोक्यावर टपरीचा पत्रा. कसं व्हायचं लोकेशन!

ज्यांना हा प्रकार माझा एकट्याचा वाटतो त्यांच्यासाठी: २००८ साली ओपनमोकोचा निओ फ्रीरनर आला, तेव्हा त्यात मेमरी कार्ड घातलं की जीपीएस लागायला भयंकर वेळ लागायचा. कार्डाच्या क्लॉकचा गोंगाट जीपीएसला बहिरं करत होता. सर्किटचा आराखडा खुला होता, त्यामुळे उपायही सगळ्यांदेखत निघाला. कार्ड वापरात नसेल तेव्हा क्लॉक बंद करायचा कर्नल पॅच, नाहीतर १० पिकोफॅरडचा एक कपॅसिटर. ज्यांना डाग देता येत होता त्यांनी घरीच लावला.

हे वाचलं की माझ्यासारख्यांचा ऊर भरून येतो, आणि तिथेच आमची चूक होते. कारण सापडणं आणि फोन चालणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला शनिवारी कारण सापडलं. बाबांना गुरुवारी संध्याकाळी लोकेशन हवं होतं. "सोर्स खुला आहे" हे त्या टपरीत उभ्या माणसाला सांगून बघा. पण ऑफिसातले मित्र म्हणतात तसं "हे सगळे रिकामटेकडे उद्योग" हेही मला पटत नाही. बंद फोनमध्ये हेच झालं असतं तर पडद्यावर नुसतं गोल फिरणारं चाक दिसलं असतं आणि पुढच्या वेळीही आम्ही तसेच अडकलो असतो. असा फोन जरूर वापरावा, फक्त स्वतः वापरावा. दुसऱ्याच्या हातात देताना त्याच्या शनिवारचा, आणि गुरुवारचाही, विचार करावा. मी केला नाही.

असो. बाबांना आता दुकानातला साधा अँड्रॉइड घेऊन दिलाय. लोकेशन झटक्यात लागतं. परवा त्याचं वाय-फाय अर्धा तास गेलं होतं, तर माझ्याकडे घेऊन आले आणि विचारतात, "ह्यात तो लॉग कुठे बघायचा रे?"